गोव्याची परिषद आणि आपली पतपेढी

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या ग्राहकांची एटीएम कार्डं त्यांच्या पर्समध्ये, पाकिटात अगदी सुखरूप होती. आणि त्याच दिवशी जगातल्या २८ देशांमधल्या एटीएममधून, त्याच कार्डांच्या नकला वापरून, धडाधड नोटा बाहेर पडत होत्या. काही तासांत सुमारे १२ हजार व्यवहार झाले आणि ७८ कोटी रुपये गेले. देशातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी निघाले. त्यातले काही तर आपल्या कोल्हापुरातून! सोमवारी, १३ तारखेला, जवळजवळ १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका बँकेतल्या खात्यावर वळते झाले. एकूण आकडा ९४ कोटींच्या घरात.

१९०६ साली स्थापन झालेली, शंभरी ओलांडलेली ही बँक. तिजोरी फोडली नाही, पहारेकऱ्याला बांधलं नाही, गोळी झाडली नाही. मग झालं काय?

आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा मशीन बँकेला विचारतं, ‘हिच्या खात्यात पैसे आहेत का? देऊ का?’ बँकेचा मुख्य कॉम्प्युटर ‘हो’ म्हणाला की नोटा बाहेर येतात. हा निरोप नेण्या-आणण्याचं काम मधली एक यंत्रणा करते, तिला स्विच म्हणतात. चोरांनी या खऱ्या निरोप्याच्या जागी आपला खोटा निरोप्या बसवला. मशीननं विचारलं की बँकेला न कळवताच हा परस्पर ‘हो, दे’ म्हणून मोकळा! बँकेनं ग्राहकांचे पैसे सुरक्षित असल्याचं सांगितलं, नुकसान बँकेचं झालं. पुढे एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं याप्रकरणी ११ जणांना दोषी ठरवलं.

या गोष्टीतला एक धागा मात्र फार कुणाच्या लक्षात आला नाही. १० ऑगस्टला, म्हणजे शुक्रवारीच, अमेरिकेच्या ‘एफबीआय’नं बँकांना एक गोपनीय इशारा पाठवला होता. नकली कार्डं वापरून जगभरच्या एटीएममधून एकदम पैसे काढण्याचा मोठा डाव शिजतो आहे, असं त्यात म्हटलं होतं. १२ तारखेला ब्रायन क्रेब्ज या पत्रकारानं ते जाहीरही केलं. तो इशारा वेळेत हाती पडला असता तर चोरी टळलीच असती, असं म्हणता येणार नाही. पण एक नक्की. चोरीची कुणकुण या क्षेत्रातल्या माणसांना आधी लागते, आणि ती आपल्यापर्यंत पोहोचायची असेल तर त्या माणसांत आपली ऊठबस असावी लागते.

आजचा विषय आहे ही ऊठबस. बँका, कारखाने, कंपन्या आपल्या माणसांना सायबर सुरक्षेच्या संशोधन परिषदांना का पाठवतात, आणि का पाठवायला हवं?

‘गोव्याला परिषद? की फिरायला?’

समजा, तुमच्या गावातल्या बँकेच्या कॉम्प्युटर विभागात एक मुलगी काम करते. तिनं अर्ज केला, ‘गोव्यात सायबर सुरक्षेची परिषद आहे, मला पाठवा.’ संचालकांच्या बैठकीत काय होईल? आधी सगळे एकमेकांकडे बघून हसतील. मग कुणीतरी म्हणेल, ‘आम्हालाही न्या की गोव्याला!’ आणि अर्ज फायलीत जाईल.

पण गोव्यात अशी परिषद खरंच भरते. ‘नलकॉन’ तिचं नाव. २०१० साली ती पहिल्यांदा गोव्यात झाली. केरळात ‘कोकून’ नावाची परिषद भरते, तिच्या आयोजनात चक्क केरळ पोलीस असतात. जगात सगळ्यात गाजलेल्या दोन म्हणजे अमेरिकेत लास व्हेगासला भरणाऱ्या ‘डेफकॉन’ आणि ‘ब्लॅक हॅट’. पहिली १९९३ पासून, दुसरी १९९७ पासून. दोन्ही जेफ मॉस या एकाच माणसानं सुरू केल्या. शिवाय विद्यापीठांतल्या प्राध्यापकांच्या आणि संशोधकांच्या वेगळ्या परिषदा असतात. तिथं प्रत्येक निबंध इतर जाणकारांनी तपासल्याशिवाय वाचायला मिळत नाही.

या परिषदांमध्ये चालतं काय? कुणी सांगतं, ‘अमुक मशीनमध्ये मला ही फट सापडली.’ कुणी ती फट कशी बुजवायची ते दाखवतं. समोर बसलेले शंका विचारतात, चुका काढतात. थोडक्यात, कुलपं तपासणाऱ्यांचं संमेलनच म्हणा ना! आपण ‘हॅकर’ म्हटलं की चोर समजतो. पण कुलपाची किल्ली हरवल्यावर आपण ज्याला बोलावतो, त्यालाही कुलूप उघडता येतंच की. येणं आणि चोरणं यात फरक आहे.

स्टेजवर नोटांचा पाऊस

२०१० सालची गोष्ट. ‘ब्लॅक हॅट’ परिषदेत बार्नाबी जॅक नावाच्या न्यूझीलंडच्या संशोधकानं स्टेजवर दोन खरी एटीएम आणून उभी केली. हा माणूस म्हणाला, बघा हं. आणि बघता बघता मशीनमधून नोटा उडायला लागल्या. पडद्यावर अक्षरं झळकली, ‘जॅकपॉट’! एका मशीनमध्ये तर त्यानं हात न लावता, दुरूनच फोनच्या जोडणीतून शिरकाव केला होता. दुसऱ्या मशीनचं झाकण उघडायला त्यानं वापरलेली किल्ली इंटरनेटवर विकत मिळणारी, त्या जातीच्या सगळ्या मशीनना लागणारी होती. सगळ्या घरांना एकच किल्ली, असं झालं हे!

टाळ्या पडल्या त्या या तमाशाला. पण खरं महत्त्वाचं होतं ते आधीचं वर्ष. जॅक हे २००९ मध्येच दाखवणार होता. एटीएम बनवणाऱ्यांनी दुरुस्तीसाठी वेळ मागितला, म्हणून तेव्हा भाषण मागे घेतलं गेलं. वर्षभरात कंपन्यांनी दुरुस्त्या केल्या आणि मगच प्रयोग झाला. आता विचार करा. ज्या बँकेचा माणूस त्या सभागृहात बसला होता, तो दुसऱ्याच दिवशी आपल्या ऑफिसला फोन करून विचारणार, ‘आपल्याकडे याच जातीची मशीन आहेत का? दुरुस्ती झाली का? किल्ल्या बदलल्या का?’ ज्यांचा माणूस तिथं नव्हता, त्यांना हा प्रश्न सुचायला किती महिने लागले असतील कोण जाणे.

म्हणजे पहिला फायदा हा. चोराच्या आधी आपल्याला फट कळते.

‘पण मग चोरांनाही कळतं ना?’

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच, आणि तो रास्त आहे. दाराची कडी सैल आहे हे चौकात ओरडून सांगितलं तर चोर येणार नाही का?

म्हणूनच या क्षेत्रात एक रीत पडली आहे. ज्याचं दार, त्याला आधी सांगायचं. दुरुस्तीला मुदत द्यायची आणि मगच चारचौघांत बोलायचं. २००८ मध्ये डॅन कॅमिन्स्की या संशोधकाला इंटरनेटच्या ‘डिरेक्टरी’त मोठी फट सापडली. आपण वेबसाइटचं नाव टाइप करतो, तेव्हा ही डिरेक्टरी त्या नावाचा नंबर शोधून देते. चोरानं तिथं खोटा नंबर घुसवला तर तुम्ही तुमच्या बँकेचं नाव टाइप कराल आणि पोहोचाल चोराच्या दुकानात! कॅमिन्स्कीनं गाजावाजा केला नाही. मार्च २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या आवारात निवडक तज्ज्ञांची गुपचूप बैठक झाली. एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी मिळून दुरुस्ती तयार केली आणि ८ जुलैला ती सगळ्यांनी एकदम जाहीर केली. त्यानंतर ऑगस्टमध्ये ‘ब्लॅक हॅट’मध्ये त्यानं सविस्तर सांगितलं.

आणि खरं सांगायचं तर चोर परिषदेची वाट बघत बसत नाहीत. त्यांची शोधाशोध बारा महिने चालूच असते. अंधारात राहतो तो घरमालक.

कधी कधी तर जाहीर बोललं गेलं म्हणूनच काम होतं. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोघांनी रस्त्यावर धावणारी जीप गाडी दूर बसून इंटरनेटवरून ताब्यात घेऊन दाखवली. जुलैमध्ये बातमी छापून आली आणि काही दिवसांतच कंपनीनं अमेरिकेतल्या सुमारे १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या.

पासवर्डची गोधडी

आता जरा आपल्या जिव्हाळ्याचं. या परिषदांमध्ये फक्त मशीनवरच बोलतात असं नाही हं. माणसांवरही बोलतात. आणि इथं स्त्रियांनी फार मोलाचं काम केलं आहे.

१९९९ साली अल्मा व्हिटन या संशोधिकेनं आपले सहकारी टायगर यांच्याबरोबर एक निबंध वाचला. ई-मेल गुप्त ठेवण्यासाठी त्या काळी एक नावाजलेला प्रोग्रॅम होता. त्यांनी १२ जणांना तो वापरायला दिला. वेळ दिला दीड तास. त्यातल्या फक्त एकतृतीयांश लोकांना तो नीट वापरता आला. काहींनी तर जो मजकूर लपवायचा तोच उघडा पाठवून दिला! ही माणसं अडाणी नव्हती, शिकलेली होती. व्हिटनबाईंचं म्हणणं असं, की चूक वापरणाऱ्याची नाही, वस्तूच अशी बनवली आहे की माणूस चुकणार.

किती मोठा दिलासा आहे हा! मोबाइलवर काही चुकलं की ‘तुला काही कळत नाही, दे इकडे’ हे आपण घरोघरी ऐकतो. पण ज्या कंपनीचे लोक असं संशोधन ऐकून येतात, ते गिऱ्हाइकाला दोष देण्याऐवजी आपलं अ‍ॅप सोपं करतात.

दुसऱ्या आहेत लॉरी क्रेनर, अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या प्राध्यापक. सुरक्षेची साधनं माणसांना वापरायला सोपी व्हावीत, यासाठी त्यांनी २००५ मध्ये एक वेगळी परिषदच सुरू केली. या बाईंना गोधडी शिवण्याचा छंद. २००९ मध्ये एका कंपनीतून कोट्यवधी लोकांचे पासवर्ड चोरीला गेले. त्यातले सगळ्यात जास्त वापरलेले हजार पासवर्ड कापडावर छापून त्यांनी गोधडी शिवली! सगळ्यात मोठ्या अक्षरात कोणता असेल? १२३४५६. (हसू नका, आपला आठवा आधी.)

याच क्रेनरबाईंनी एका जुन्या समजुतीला धक्का दिला. ऑफिसात नियम असतो ना, दर दोन-तीन महिन्यांनी पासवर्ड बदला? माणसं काय करतात? जुन्यालाच एक आकडा जोडतात. ‘गणेश१’चा ‘गणेश२’. २०१० मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संशोधकांनी एका परिषदेत दाखवून दिलं, की जुना पासवर्ड माहीत असेल तर १७ टक्के खात्यांचा नवा पासवर्ड पाच प्रयत्नांच्या आत ओळखता येतो. म्हणजे नियम पाळला, ताप झाला आणि सुरक्षा मात्र जवळपास होती तिथंच! २०१६ मध्ये क्रेनर अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगात प्रमुख तंत्रज्ञ होत्या. त्यांनी हे जाहीरपणे मांडलं. २०१७ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेनंही सांगून टाकलं, की पासवर्ड फुटल्याचा संशय असेल तेव्हा जरूर बदलायला लावा, उगीच ठरावीक मुदतीनं नको.

हा दुसरा फायदा. काय करायचं हे तर कळतंच, पण काय करणं थांबवायचं हेही कळतं. निरुपयोगी नियमांवर जाणारा वेळ आणि पैसा वाचतो.

हळदीकुंकवाचा उपयोग

तिसरा फायदा भाषणाच्या बाहेरचा. हळदीकुंकवाला आपण काय फक्त वाण घ्यायला जातो? तिथं कळतं, कोणता क्लास चांगला, कोणता डॉक्टर नीट बोलतो, कोणत्या भिशीत पैसे अडकले. परिषदेतही चहाच्या टेबलाशी हेच चालतं. ‘तुमच्याकडे असा विचित्र ई-मेल आला होता का?’ ‘त्या कंपनीचं सॉफ्टवेअर आम्ही घेतलं, पस्तावलो.’ हे कुठल्याही माहितीपत्रकात छापून येत नाही. शिवाय उद्या आपल्यावर वेळ आली तर रात्री अकरा वाजता फोन कुणाला करायचा, हे ठाऊक असतं.

चौथा फायदा आपल्या माणसांचा. या परिषदांना जोडून प्रशिक्षणाचे वर्ग असतात, स्पर्धा असतात. खोट्या खोट्या यंत्रणेवर हल्ला करून आणि परतवून शिकायचं. ‘नलकॉन’मध्ये खास मुलींसाठी ‘विंजा’ नावाची स्पर्धा घेतली गेली. लहान गावातली मुलगी जेव्हा अशा ठिकाणी जाते, तेव्हा आपल्यासारख्या आणखी कितीजणी आहेत हे तिला दिसतं. ती चार गोष्टी शिकून येते आणि संस्थेनं आपल्यावर विश्वास टाकला म्हणून टिकूनही राहते.

एक सावधगिरी मात्र हवी. परिषदेच्या नावाखाली नुसती विक्रीची प्रदर्शनंही भरतात. फुकट पिशवी, पेन, आणि ‘आमचं यंत्र घ्या, निर्धास्त झोपा’ हा एकच मंत्र. ओळखायचं कसं? वक्ता काय विकतो ते बघा. जिथं वक्ता स्वतःच्या पद्धतीतली उणीवही सांगतो आणि समोरचा त्याला आडवे प्रश्न विचारू शकतो, ती खरी परिषद.

‘आमच्या एवढ्याशा संस्थेला कोण विचारतंय?’

हे वाक्य सगळ्यात घातकी. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या व्हायरसनं सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक कॉम्प्युटर कुलूपबंद केले आणि खंडणी मागितली. त्यात ब्रिटनमधली हॉस्पिटलं होती आणि केरळातल्या वायनाड जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतीचे कॉम्प्युटरही होते! व्हायरस काही नाव-गाव बघून येत नाही. उघडं दार दिसलं की शिरतो. दुरुस्ती तर मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही, ते सापडले. त्याच वर्षी जूनमध्ये दुसऱ्या एका व्हायरसनं आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम बंद पाडलं होतं.

आपल्या गावातली पतसंस्था, दूध संघ, मसाल्याचा कारखाना, बचत गटांचं दुकान, सगळ्यांचे हिशेब आता कॉम्प्युटरवर आहेत. बँक बुडाली तर ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, फेब्रुवारी २०२० पासून. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. मुलीच्या लग्नासाठी, दुखण्याखुपण्यासाठी पै-पै करून ठेवलेला पैसा तिथं असतो. म्हणून तिथल्या कॉम्प्युटरची काळजी ही ‘त्या पोरांची भानगड’ नाही, आपली आहे.

मग आपण काय करायचं?

लास व्हेगासची परिषद छोट्या संस्थेला परवडणार नाही, हे उघड आहे. पण वाटा आहेत.

तालुक्यातल्या चार-पाच संस्थांनी मिळून एकीला किंवा एकाला देशातल्या परिषदेला पाठवता येतं. खर्च वाटून घ्यायचा. अट एकच. परत आल्यावर तिनं सगळ्या संस्थांच्या कर्मचाऱ्यांसमोर, साध्या मराठीत तासभर बोलायचं. तीनच प्रश्नांची उत्तरं द्यायची. नवीन धोका कोणता? आपल्याकडे तो आहे का? सोमवारी सकाळी काय बदलायचं?

तेही जमत नसेल तर ‘नल’ या संघटनेच्या पुण्या-मुंबईसह अनेक शहरांत फुकट बैठका होतात. मोठ्या परिषदांतली बरीच भाषणं नंतर यूट्यूबवर फुकट बघायला मिळतात. केंद्र सरकारची ‘सर्ट-इन’ ही संस्था २००४ पासून काम करते, ती धोक्याच्या सूचना प्रसिद्ध करत असते. त्या वाचायची जबाबदारी कुणा एकावर तरी नावानिशी सोपवलेली हवी. रिझर्व्ह बँकेनंही ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली. पण चौकट कागदावर राहते. तिच्यात जीव घालायला शिकलेली माणसं लागतात.

आणि मैत्रिणींनो, इथं तुमचं काम सुरू होतं. आपल्या सहकार कायद्यात संचालक मंडळावर महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत. त्या जागेवर तुम्ही असाल, तर सही करण्यापुरत्या राहू नका. संचालक नसाल, तरी सभासद आहात ना? वार्षिक सर्वसाधारण सभेला जाता, अहवाल घेता, नाश्ता करून परत येता. यंदा उभं राहून एवढंच विचारा, ‘कॉम्प्युटरच्या सुरक्षेवर वर्षभरात किती खर्च झाला? कुणाला शिकायला पाठवलं? ते शिकून आल्यावर इथं काय बदललं?’

कुणी हसेल. कुणी म्हणेल, ‘ताई, हे तांत्रिक आहे.’ हसू द्या. लाभांश किती टक्के हा प्रश्न जसा आपला, तसाच हाही आपलाच. आणि हो, स्वतःची फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जितका लवकर कराल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

गावातल्या त्या मुलीचा अर्ज कदाचित अजून फायलीतच असेल. तो बाहेर काढायला एका बाईचा हात वर झाला, तरी पुरे आहे.